तणाचे औषध आणि बेडकाचे पिल्लू

(जानेफळ येथील प्रौढ वर्गाच्या बैठकीत झालेले भाषण)



आज मी बेडकाविषयी बोलणार आहे. हसू नका. शेतकऱ्यांच्या बैठकीत बैलाविषयी बोलावे, बियाण्याविषयी बोलावे, सोयाबीनच्या भावाविषयी बोलावे. आणि हे गुरुजी बेडूक घेऊन बसले, असे तुमच्या मनात आले असेल. पण हा विषय तुमच्यातूनच निघाला आहे. मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारले, "गुरुजी, आमच्या वावराजवळच्या नाल्यात रातच्याला बेंडकं पहिल्यासारखे वरडत नाहीत. गवताच्या औषधानं मेले काय?" त्यावर एक जवान लगेच बोलला, "मावशी, औषध गवताचं हाय. बेंडूक काय गवत हाय?"

सगळे हसले. मावशी गप्प बसल्या. असल्या प्रश्नाला पुस्तके पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये, म्हणून मी त्या दिवशी बोललो नाही. आता पाहून आलो आहे.

पहिल्यानेच एक गोष्ट सांगून टाकतो. नाल्यात बेडूक कमी झाले असतील तर त्याला कारणे पुष्कळ असू शकतात. डबकी बुजली. नाले खोल झाले. पाऊस एकदम कोसळतो आणि मग दडी मारतो. रात्री रस्त्यावर गाड्यांखाली किती बेडूक चिरडतात, ते तुम्ही पाहताच. तेव्हा सगळा आळ मी औषधावर घालणार नाही. पण "बेंडूक काय गवत हाय" हा जो प्रश्न आहे, त्याचा शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोध घेतला आहे. ते काय म्हणतात, ते आपल्याला कळले पाहिजे. फवारणारे आपणच आहोत.

बेडकाचे आयुष्य आपण सर्वांनी पाहिले आहे, पण निरखून पाहिलेले नाही. रोहिणी सरतात, मृगाचा पाऊस पडतो. जमिनीत दडून बसलेले बेडूक त्या रात्री बाहेर येतात. मोठ्या जातीचा नर तर हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. ओरडतो तो नर, बरे का. मादीला बोलावण्यासाठी ओरडतो. मादी येते आणि साचलेल्या पाण्यात अंडी घालते. या अंड्यांना कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नसते. साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत थर असतो आणि त्यात काळे ठिपके असतात. एक-दोन दिवसांत त्यातून शेपटीवाली पिल्ले निघतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. आपली मुले त्यांना मासे समजून बाटलीत धरतात. त्यांचीही चूक नाही. ती पिल्ले माशासारखीच कल्ल्यांनी श्वास घेतात. शेवाळ खाऊन वाढतात. पुढे महिना-दीड महिन्यात मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपूट अंगात जिरून जाते. आत फुप्फुसे तयार होतात. आणि एके दिवशी ते पिल्लू पाण्याबाहेर उडी मारते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेडूक आपल्यासारखा तोंडाने पाणी पीत नाही. तो कातडीतून पाणी ओढून घेतो. पाण्यात जे काही मिसळले असेल, ते त्या पाण्याबरोबर अंगात जाऊ शकते. अंड्यालाही कवचाची आडभिंत नाही.

आता आपले काम पाहा. आपणही मृगाचीच वाट पाहतो. जमीन ओली झाली की सोयाबीन, तूर, कपाशी, मका पेरतो. काही तणनाशके पेरल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत ओल्या जमिनीवर मारावयाची असतात. काही, तण दोन-चार पानांवर आले की मारावयाची असतात. म्हणजे पेरणीपासून तीन आठवड्यांच्या आत सारी फवारणी उरकते. आणि हेच दिवस बेडकाच्या अंड्यांचे आणि पिल्लांचे. मृग एकच, त्यात आपली पेरणी आणि बेडकाची वीण. वरून जोराचा पाऊस आला की वावरातले पाणी धुऱ्यावरून नाल्यात, नाल्यातून नदीत. आपल्या मेहकर तालुक्यातले बरेचसे पाणी शेवटी पैनगंगेला जाऊन मिळते.

आता जरा अवघड भाग आहे. पण तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल.

गोऱ्हा खच्ची केला म्हणजे काय होते? त्याचे वशिंड वळूसारखे वाढत नाही. मान वळूसारखी जाड होत नाही. तो गाईमागे धावत नाही, अंगावर येत नाही. मानेला तर कोणी हात लावलेला नसतो. हात लावला तो अंडाला. मग मानेला आणि वशिंडाला ही खबर कशी पोचली?

जर्मनी देशात बर्थोल्ड नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी १८४९ साली हीच गोष्ट कोंबड्यांवर करून पाहिली. कोवळ्या कोंबड्यांचे अंड काढले. त्यांचा तुरा वाढेना, ते आरवेनात, भांडेनात. मग काही कोंबड्यांच्या पोटात अंड परत ठेवून दिले. तुरा वाढला, कोंबडा आरवू लागला. तेव्हा हे उघड झाले की अंडातून काही एक रस रक्तात उतरतो आणि रक्ताबरोबर सगळ्या अंगाला निरोप पोचवतो. अशा रसाला आपल्या पुस्तकी भाषेत संप्रेरक म्हणतात. इंग्रजी शिकलेली मुले हॉर्मोन म्हणतात. तुम्ही त्याला निरोप्या म्हणा, तरी चालेल. निरोप्या लहान असतो, थोडा असतो, पण त्याच्या एका निरोपावर सगळी पंगत उठते किंवा बसते.

नराचा निरोप्या वेगळा, मादीचा वेगळा. आणि गंमत अशी की शरीर नराच्या निरोप्यापासूनच मादीचा निरोप्या तयार करते. ते करणारा एक कारागीर शरीरातच असतो. शास्त्रज्ञ त्याला ॲरोमाटेज म्हणतात. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी काम करतो, तोवर सगळे ठीक असते.

तिसरा निरोप्या गळ्यातल्या गाठीचा. ही गाठ सुजली की आपण गलगंड म्हणतो. मिठात आयोडीन घालतात ते या गाठीसाठीच. बेडकालाही ही गाठ असते. गुडरनाट्श नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ साली घोड्याच्या गळ्यातली ही गाठ बेडकाच्या पिल्लांना खाऊ घातली. काय व्हावे? पिल्ले एवढीशी असतानाच त्यांना पाय फुटले, शेपट्या जिरल्या, आणि माशीएवढे बेडूक तयार झाले. पुढे दुसऱ्यांनी पिल्लाची ती गाठच काढून टाकली. पिल्लू वाढत राहिले, मोठे झाले, पण बेडूक झालेच नाही.

म्हणजे पिल्लाचे पाय, शेपूट, श्वास, नर की मादी, आवाज, ही सारी निरोप्यांची कामे आहेत. बाहेरून एखादी वस्तू आत शिरली आणि तिने चुकीचा निरोप दिला, तर पिल्लू मरणार नाही कदाचित. पण त्याची घडण बिघडेल. मावशींनी विचारले होते, मेले काय. मेले नसतील, आणि तरीही ओरडत नसतील, असेही होऊ शकते.

ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेत बर्कली गावी कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. तेथे टायरोन हेज नावाचे प्राध्यापक बेडकांचा अभ्यास करीत आले. ॲट्राझीन नावाचे एक तणनाशक आहे. अमेरिकेत ते मक्यावर फार मारतात. आपल्याकडेही मक्यात आणि उसात मारतात. (सोयाबीनमध्ये ते चालत नाही, सोयाबीनच जळून जाईल. सोयाबीनची औषधे वेगळी.) या ॲट्राझीनचा बेडकावर काय परिणाम होतो, ते पाहण्याचे काम हेज यांच्याकडे प्रथम औषध बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशाने आले होते. पुढे मतभेद झाले, हेज त्यातून बाहेर पडले आणि त्यांनी प्रयोग पुन्हा स्वतः केले.

२००२ साली त्यांनी निकाल छापला. आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकाची पिल्ले त्यांनी थोडेथोडे ॲट्राझीन घातलेल्या पाण्यात वाढवली. पिल्ले मेली नाहीत. बाहेरून पाहिले तर चांगली दिसत होती. पण आत काही नरांच्या पोटात अंडही होते आणि मादीची अंडकोशीही होती. नरांची आवाजाची पेटी लहान राहिली होती. आणि पुऱ्या वाढलेल्या नरांना जरा जास्त ॲट्राझीनमध्ये ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तातला नराचा निरोप्या दहावा हिस्सा उरला. अमेरिकेतल्या मक्याच्या मुलखात नाल्यातले, डबक्यातले रानचे बेडूक धरून पाहिले, तर त्यांतही अशा नरमादी एकत्र असलेल्या गाठी सापडल्या. हेज यांचे म्हणणे असे की ॲट्राझीन त्या कारागिराला, ॲरोमाटेजला, अवेळी कामाला लावते. मग नराचा निरोप्या संपत जातो आणि मादीचा वाढत जातो.

२०१० साली त्यांनी आणखी एक प्रयोग छापला. जन्माने सगळे नरच असलेले बेडूक घेतले आणि पिल्लूपणापासून मोठे होईपर्यंत ॲट्राझीनच्या पाण्यात ठेवले. दर दहांतला एक नर पुरी मादी झाला. दुसऱ्या नराशी त्याचा जोडा जमला, त्याने अंडी घातली, अंड्यांतून पिल्ले निघाली. पण ती सगळी पिल्ले नरच निपजली. कारण आई आणि बाप दोघेही जन्माचे नर होते. बाकीच्या बहुतेक नरांची गत खच्ची केल्यासारखी झाली.

आता तुम्ही विचाराल, पाण्यात औषध घातले तरी किती? इथे नीट कान द्या, कारण आज मला हीच गोष्ट मुख्य सांगावयाची आहे.

वीस फूट रुंद विहीर घ्या. तिच्यात तीस फूट पाणी आहे असे धरा. ते पाणी सुमारे पावणेतीन लाख लिटर होते. २०१० च्या प्रयोगात औषधाचे प्रमाण होते ४ लाख लिटर पाण्यात १ ग्रॅम. म्हणजे अशा दीड विहिरीत चिमूटभर. आणि २००२ च्या प्रयोगात अगदी कमीत कमी ज्या प्रमाणावर बिघाड दिसला, ते होते १ कोटी लिटरमध्ये १ ग्रॅम. सदतीस विहिरींत एक चिमूट!

आता आपल्या वावराचा हिशेब करू. मक्याला एकरी साधारण २०० ते ४०० ग्रॅम मूळ औषध पडते. पुडीचे वजन याच्या दुप्पट असते, कारण पुडीत निम्मे दुसरे काही असते. २०० ग्रॅमच धरा. फवारणीनंतर धो-धो पाऊस आला आणि शंभरातला एकच हिस्सा वाहून गेला, तर २ ग्रॅम गेले. २ ग्रॅमने ८ लाख लिटर पाणी त्या २०१० च्या प्रयोगाइतके होते. ८ लाख लिटर म्हणजे तीन विहिरी. नाल्याच्या काठचे डबके याच्यापुढे किती? शिवाय हे औषध जमिनीत महिनोन्‌महिने राहू शकते आणि पाण्याबरोबर खालीही मुरते.

पिण्याच्या पाण्यात ॲट्राझीन किती चालेल, याचे आकडे देशोदेशी ठरलेले आहेत. आपल्या भारतीय मानकात २०१२ पासून १ लिटरला २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. अमेरिकेत ३ आहे. युरोपात कोणत्याही एका कीडनाशकाला किंवा तणनाशकाला ०.१ च आहे. बेडकाच्या प्रयोगातले आकडे याच मापात सांगायचे तर एक ०.१ आणि दुसरा २.५. मायक्रोग्रॅम म्हणजे १ ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना दिसणार नाही, जिभेला कळणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती कीर्तनातली गोष्ट होईल. हेज यांचे निकाल सर्वांनी मान्य केले नाहीत. कंपनीच्या पैशाने झालेल्या काही प्रयोगांत असा परिणाम दिसला नाही. अमेरिकेच्या सरकारी खात्याने २००७ साली म्हटले की बेडकाच्या घडणीवर परिणाम होतो असे पुराव्याने ठरत नाही. उलट बाजूने, दुसऱ्या देशांतल्या अभ्यासकांनी मासे, सरपटणारे प्राणी, उंदीर यांतही या औषधाने निरोप्यांत गडबड होते, असे दाखवले. युरोपने २००४ साली ॲट्राझीनला परवानगी नाकारली. मुख्य कारण असे की ते जमिनीखालच्या पाण्यात वारंवार सापडत होते. अमेरिकेत ते वापरात राहिले. आपल्या केंद्र सरकारने २०२० साली २७ औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझीनचे नाव होते. २०२३ साली बंदी प्रत्यक्ष आली ती मोजक्याच औषधांवर, त्यांत ॲट्राझीन नव्हते.

मला विचाराल तर इतक्या वर्षांनी इतके पंडित भांडत आहेत, एवढ्यावरूनच आपण पाण्याजवळ हात आखडता घ्यावा. गावात विहिरीत काही पडले की नाही अशी शंका आली, तर आपण शोध लागेपर्यंत ते पाणी पीत बसत नाही.

सगळी तणनाशके एकाच रीतीने वागत नाहीत. ॲसिटोक्लोर नावाच्या तणनाशकाचा प्रयोग २००२ साली कॅनडातील अभ्यासकांनी छापला. त्याने गळ्यातल्या गाठीच्या निरोप्याचे काम भलतेच जोरात होते आणि पिल्लू बेडूक होण्याची अवेळी घाई करते. अपुरी वाढ घेऊन बाहेर पडलेले पिल्लू किती दिवस टिकणार? ग्लायफोसेटची गोष्ट आणखी निराळी. रिक रेलिया नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २००५ साली पाण्याच्या टाक्यांत लहान तळी तयार केली आणि तळ्यावर थेट फवारा गेला तर जेवढे औषध पडेल, तेवढे त्यांत टाकले. तीन आठवड्यांत शंभरांतली शहाण्णव ते शंभर पिल्ले मेली. औषध पानाला चिकटावे म्हणून त्यात साबणासारखा एक पदार्थ घातलेला असतो. त्यानेच पिल्लांचे कल्ले जातात, असे पुढे समजले. इथे निरोप्याची भानगड नाही, सरळ मरण आहे. ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावे, असा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला. त्यानंतरही ते कोणाच्या धुऱ्यावर कसे फवारले गेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हे सगळे परदेशातले झाले, असे म्हणू नका. आपल्या पुण्यात पवार, घाटे आणि काटदरे या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८३ साली असाच प्रयोग छापला. आपल्या डबक्यांत आढळणाऱ्या एका चिमुकल्या जातीच्या बेडकाची अंडी त्यांनी मॅलॅथिऑनच्या पाण्यात वाढवून पाहिली. मॅलॅथिऑन हे किडीचे औषध, तणाचे नव्हे. पण त्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांची अंगे वाकडी झाली, वाढ खुंटली. किडीसाठी केलेले औषध किडीपाशी थांबले नाही, एवढे त्यावरून कळते.

आता तो जवान जे बोलला, त्याच्यामागे एक भरवसा आहे. औषध गवताचे आहे, डब्यावर हिरवी किंवा निळी खूण आहे, मग भिण्याचे कारण काय? म्हणून ही खूण आज समजून घेऊ. तुम्हाला वाचता येऊ लागले आहे, तेव्हा हा धडा तुमच्या कामाचा आहे.

औषधाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. मधोमध रेघ असते. खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा. मग निळा. हिरवा सर्वांत सौम्य. हा रंग कसा ठरतो? उंदरासारख्या जनावराच्या पोटात किंवा कातडीवर किती औषध गेले म्हणजे ते मरते, यावरून ठरतो. थोड्यात मेले तर लाल, पुष्कळ लागले तर हिरवा. म्हणजे हा रंग मरणाचा हिशेब सांगतो. वाढत्या जीवाच्या निरोप्याचे काय होते, हे तो रंग सांगत नाही. पोटातल्या गर्भाचे काय होते, हेही तो सांगत नाही. हिरवा त्रिकोण पाहून उघड्या हाताने औषध कालवणारे मी पाहिले आहेत. त्यांना वाचता येत होते. पण रंगाचा अर्थ कोणी सांगितला नव्हता.

मरणाचा हिशेब लहान नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष किडीच्या औषधांचे होते. ते दिसले, माणसे दवाखान्यात गेली, वर्तमानपत्रांत आले. आज मी ज्या बिघाडाविषयी बोलतो आहे, तो कोणाला दवाखान्यात नेत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

एका भावाने मला वाटेत हळूच विचारले, "गुरुजी, मंग माणसाचंबी असंच होते काय?" लाजण्यासारखा प्रश्न नाही. उत्तर असे आहे. बेडकाचे जे झाले, तेच माणसाचे होते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. तेव्हा चावडीवर तशी अफवा पसरवू नका. पण बेडकाचे आणि आपले निरोपे अगदी परके नाहीत. १९३० नंतरच्या काळात बाई गरोदर आहे की नाही, हे पाहण्यासाठी दवाखान्यांत बेडकी पाळत. बाईची लघवी बेडकीला टोचत. बाई गरोदर असली तर बेडकी दुसऱ्या दिवसापर्यंत अंडी घालीत असे. पुढे सोप्या तपासण्या निघाल्या आणि १९६० नंतर ही पद्धत मागे पडली. बाईच्या अंगातला निरोप बेडकीच्या अंगाला कळत होता! आणि ती आफ्रिकेची जात तीच, जिच्यावर पुढे हेज यांनी प्रयोग केले. म्हणून गरोदर बाईने तणनाशक कालवू नये, फवारू नये, फवारणीचे कपडेही धुऊ नयेत, हे मी ठासून सांगतो. घरातल्या पुरुषांनी हे ऐकून घ्यावे. कपडे कोण धुते ते मला माहीत आहे.

बेडकाचा आपल्याला उपयोग काय, असेही कोणी म्हणेल. रात्रभर तो किडे खातो आणि मजुरी मागत नाही. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी खाण्यासाठी जात. मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ साली या व्यापाराविरुद्ध लिहिले. १९८७ साली सरकारने तो व्यापार बंद केला. तंगड्या विकून आलेला पैसा किडीची औषधे आणण्यातच जातो, ही तक्रार तेव्हा फार झाली होती. आपल्याकडे पाऊस लांबला की पोरे काठीला बेडूक बांधून धोंडी मागत दारोदार फिरत. बिचाऱ्या बेडकाचे त्यात हाल होत, ते काही चांगले नव्हे. पण पाऊस आणि बेडूक ही जोडी आपल्या वाडवडिलांच्या ध्यानात होती.

मग तणनाशक वापरूच नये काय? असे मी म्हणणार नाही. निंदायला बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. पाऊस आठ दिवस उघडत नाही आणि डवरा वावरात घालता येत नाही. ज्या विधवा बाईच्या वाट्याला दोन एकर आहेत आणि हाताशी कोणी नाही, तिला मी कोणत्या तोंडाने सांगू? उलट, निंदणाच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते, त्या बायकांच्या हातचे काम या औषधाने गेले, हेही खरे आहे. हा तिढा माझ्याने सुटणारा नाही.

पण काही गोष्टी हातातल्या आहेत. पहिला चांगला पाऊस झाला की तण उगवू द्यावे, वखराची पाळी घालून ते मोडावे आणि मग पेरावे. पेरणी चार दिवस पुढे जाते, पण तणाचा पहिला लोंढा निघून जातो. सोयाबीनला पहिले दीड महिना तण जपले की पुढे पीक स्वतःच जमीन झाकते. तेवढ्या दिवसांत डवऱ्याच्या दोन पाळ्या आणि एक निंदण साधले तर औषधाची गरज पुष्कळ कमी होते. औषध मारायचेच असेल तर आभाळ पाहून मारा. संध्याकाळी पाऊस येण्याचा रंग असेल तर त्या दिवशी पंप खाली ठेवा; औषधाचे पैसेही वाहून जातात. नाल्याच्या, विहिरीच्या, शेततळ्याच्या काठची पट्टी मोकळी सोडा. दहा पावले तरी सोडा. तेथले गवत विळ्याने कापा, ते जनावराला होईल. धुऱ्यावर तर औषध मारूच नका. धुऱ्यावरचे गवत माती धरून ठेवते, आणि वाहत आलेले औषधही तेथे थोडे अडते.

आणि पंप! नाल्यात पंप धुण्याची जी रीत पडली आहे, ती सर्वांत वाईट. एकराचे औषध निदान एकरभर पसरते. पंपाच्या तळातले सगळे एकाच डोहात जाते. पंप वावरातच धुवा आणि ते पाणी फवारलेल्या तासांवरच सोडा. रिकामा डबा नाल्यात फेकू नका, घरी धान्याला किंवा तेलाला वापरू नका. डब्यावर लिहिले आहे त्याहून जास्त औषध पंपात घालू नका. दुकानदार म्हणाला, "एक झाकण जास्त टाका," तरी टाकू नका. दुकानदार झाकणे विकतो.

पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकाने घरातल्या औषधाबरोबर मिळालेले माहितीपत्रक आणावे. डबा आणू नये, घडी केलेला कागद आणावा. त्यात मराठी मजकूर शोधू. औषधाचे मूळ नाव कोणते, प्रमाण किती, पाण्याजवळ वापरण्याविषयी काय लिहिले आहे, एवढ्या तीन गोष्टी आपण मोठ्याने वाचू आणि वहीत उतरवून घेऊ. अक्षर मुंगीएवढे असते. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो विसरू नये.